नावाची खुर्ची

नंदाने आयुष्यात एक गोष्ट मनापासून शिकवली असेल, तर ती खुर्चीची. नंदुरबारकडे आरोग्य केंद्रांच्या जनसुनवाया घेताना ती हे शिकली होती. गावासमोर उत्तर द्यायला जो साहेब येत नाही, त्याच्या नावाची पाटी लावून रिकामी खुर्ची मधोमध मांडायची. भांडायचं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा मांडायची. साहेब लोकांना शिव्या पचतात, रिकामी खुर्ची पचत नाही.

लंडनच्या एका संस्थेने तिला याच कामासाठी घेतलं. ब्रिटिश सरकारच्या पैशातून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका जिल्ह्यात गावकऱ्यांनी दवाखान्याचा कारभार तपासायचा, असा तो प्रकल्प. त्याला सगळे मोठ्या तोंडाने भागीदारी म्हणत. नंदाला ती भागीदारी भेटली चिकोंडीच्या रूपात. चिकोंडी तिथल्या गावसमितीची प्रमुख. हसायचीही मोठ्याने, भांडायचीही मोठ्याने. औषधं वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने तिने खुर्ची मांडली. तो दर महिन्याला नेटवर्क नव्हतं, निरोप मिळाला नाही, असं सांगून दडी मारायचा. शेवटी एकदा मान खाली घालून आला, आणि मलेरियाच्या गोळ्या गावात पोचू लागल्या. त्या दिवशी दोघी फोनवर शाळकरी पोरींसारख्या ओरडल्या होत्या.

यंदा निधी कापला गेला. प्रकल्प महिनाअखेर बंद. गावाला कोणी विचारलं नाही, चिकोंडीलाही नाही. कळवायचं काम मात्र नंदाच्या गळ्यात पडलं.

चिकोंडी फोनवर म्हणाली, "मी सांगितलं तर लोक म्हणतील, हिनेच पैसे खाल्ले. तो अधिकारी तर याचीच वाट बघतोय. शनिवारी सभा आहे, तू व्हिडिओवर ये. एवढंच सांग, की हा निर्णय लंडनचा आहे, चिकोंडीचा यात काही दोष नाही."

"येते," नंदा म्हणाली. "नक्की येते."

शुक्रवारी तिच्या बॉसने, समरने, तिला बाजूला घेतलं. समर लंडनच्याच हॅरो भागात जन्मलेला. मराठी मोडकं, पण मनाने वाईट नाही. "नंदाताई, तो सभा अटेंड नाही करायचा. स्ट्रिक्ट इन्स्ट्रक्शन आहे, ओन्ली रिटन स्टेटमेंट जाणार. आणि तुमचा व्हिसा एक्स्टेन्शन पण आपल्याच स्पॉन्सरशिपवर आहे ना? प्लीज."

लंडनच्या कडेला पिनरला घरी आल्यावर नवऱ्याने, हरीशने, तेच सांगितलं. "अगं, आपण तिघं तुझ्याच व्हिसावर आहोत. आपल्या साराची जीसीएसई, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीये. एका व्हिडिओ कॉलसाठी सगळं रिस्कवर टाकणारेस?"

नंदा भांडली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आई कोणाला तरी सुनवायची. ते आज तिला स्वतःला लागू पडलं, आणि फार लागलं.

शनिवारी सकाळी तिने पोहे करायला घेतले. फोन ओट्यावर पालथा ठेवला होता. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. फोडणी करपली. हरीशने येऊन खिडकी उघडली.

"नेटवर्क नव्हतं म्हणून सांग," तो हळूच म्हणाला.

नंदाला रडूच फुटलं. हरीशचा राग आला म्हणून नव्हे. नेमकं हेच वाक्य तिने मघापासून मनात जुळवून ठेवलं होतं.

दुपारी चिकोंडीने फोटो पाठवला. आंब्याच्या झाडाखाली गाव दाटीवाटीने बसलेलं. कडेला तो औषधवाला अधिकारी, ऐसपैस पाय पसरून हसत. चिकोंडी एकटीच उभी, कोणाकडेच न बघता. आणि मधोमध एक रिकामी खुर्ची. तिच्या पाठीला पुठ्ठ्याची पाटी: नंदा, लंडन.

खाली लिहिलं होतं, "रागावू नकोस. भांडायचं नाही, हे तूच शिकवलंस. पुढच्या महिन्यात पुन्हा मांडू."

नंदाने फोटो मोठा करून चिकोंडीचा चेहरा पाहिला. मग पाटीवरचं आपलं नाव पाहिलं. पुढच्या महिन्यातही आपण जाणार नाही, हे तिला तिथेच, ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं.