शेरा : वास स्पष्ट

आमच्या घरात माझ्या नाकाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. दूध नासलंय का, मेव्हण्याने सिगारेट सोडल्याची शपथ खरी का, असले सगळे खटले माझ्या नाकापुढे चालतात. त्यात नोकरीही नाकाचीच. पाइपने घरोघर जाणाऱ्या गॅसला मुळात वास नसतो. कोट्यवधी वर्षं तो जमिनीखाली मुकाट पडून होता, एकदा जाळला की पुन्हा मिळायचा नाही. आणि आपण तो गार झालेला चहा तिसऱ्यांदा गरम करायला वापरतो, वर बटण बंद करायला विसरतो. म्हणून कंपनी त्यात वासाचं औषध मिसळते. ते लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतंय का, हे हुंगून बघायला माणूस लागतो. तो माणूस मी.

दर मंगळवारी ड्रायव्हरकाका आणि मी गाडी घेऊन लाइनच्या टोकाला जायचो. हातातल्या यंत्रात गॅस थोडा थोडा हवेत मिसळतो. मी बटण फिरवत हुंगायचं, वास आला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. पुढे शेरा, वास स्पष्ट. खाली माझी सही, आणि साक्षीदार म्हणून काकांची.

चार महिन्यांपूर्वी एका तापात माझं नाक गेलं. ताप उतरला, सर्दी गेली, नाक काही परत आलं नाही. कॉफी, फिनेल, मोजे, सगळं एकच. साहेबांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी मला तक्रारीच्या खिडकीवर बसवलं असतं, आणि इकडे मेव्हणा उजळ माथ्याने फिरला असता. मला हे दुसरं जास्त लागलं असतं, हे कबूल करतो.

मग मी एक युक्ती काढली आणि स्वतःवरच खूश झालो. बटण फिरवताना मी काकांच्या चेहऱ्याकडे बघायचो. त्यांनी नाक मुरडलं की म्हणायचो, "आला." काका मान डोलवायचे. आकडा इकडेतिकडे झाला तर मागच्या आठवड्याचा बघून मी तो जरा सारखा करायचो.

गेल्या शुक्रवारी दुपारी ताईचा फोन आला. माझी ही थोरली बहीण लाइनच्या अगदी शेवटच्या घरात राहते. तिला नाकाच्या डॉक्टरकडे जायचं होतं, वेळही घेतली होती, मी सोबत यावं म्हणत होती. आदल्या दुपारी ती दूध तापत ठेवून जरा लवंडली. दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. पाणी प्यायला उठली तेव्हा नुसता सूऽऽ आवाज ऐकून तिला कळलं. वास म्हणून आला नाही. वय झालं, नाक गेलं, असं ती हसत सांगत होती.

"तू मंगळवारीच तपासून गेलास ना," ती म्हणाली. "म्हणजे गॅसला वास आहेच. माझंच काहीतरी बिघडलंय."

शेगडीला हात लावू नको, एवढं कसंबसं सांगून मी फोन ठेवला. काका बाजूलाच चष्मा पुसत होते. त्यांना विचारलं, मंगळवारी तुम्हाला वास आला होता ना? काका शांतपणे म्हणाले की त्यांना वासाचं पहिल्यापासूनच कमी कळतं. तुमच्यासारखं नाक हजर असताना मी माझं कशाला मधे घालू? तुम्ही आला म्हणालात की मी सही करतो. मग नाक का मुरडता, मी विचारलं.

"चष्मा घसरतो," काका म्हणाले.

म्हणजे चार महिने अख्खी वस्ती काकांच्या चष्म्याच्या सैल दांडीवर विसंबून स्वयंपाक करत होती.

तरी मी लगेच सुधारलो असं नाही. साहेबांना फोन लावला आणि अगदी सहज आवाजात म्हटलं, एका घरची तक्रार आहे, औषधाचा पंप जरा बघून घ्या. साहेब म्हणाले, पंप चालू दिसतोय, आणि मंगळवारचा तुमचाच शेरा माझ्यासमोर आहे. तुमचं नाक सोडून मी कोणाच्या सांगण्यावरून लाइन बंद करू? ते माझीच बाजू घेत होते.

"साहेब, तो शेरा खोटा आहे," मी म्हणालो. "चार महिने झाले, मला वासच येत नाही."

साहेबांनी फोन आपटला. तासाभरात गॅसची लाइन बंद झाली. पंप फिरत होता, पण पुढची नळी चोंदली होती. औषध गॅसपर्यंत पोचतच नव्हतं. किती दिवसांपासून, ते कोणालाच सांगता येईना, कारण ते सांगायचं काम माझं होतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, डॉक्टरची वेळ रद्द करत नाही, माझ्याऐवजी तू जा. मला हायसं वाटलं. मी हसलो, स्वतःच्या नाकावर दोन विनोदही केले. ताई हसली नाही.

"शेगडी बंद केली तेव्हा खिडकी उघडावी असं मनात आलं होतं," ती म्हणाली. "नाकाची शंका दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा म्हटलं, वास नाही म्हणजे गॅस साठलेला नाही. तू तपासलंयस. म्हणून परत जाऊन नातीशेजारी झोपले."

नात समोरच चित्र रंगवत बसली होती. मला त्या पोरीकडे बघवेना. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकी उघडली. बंद लाइनमधून आता काहीच येणार नव्हतं, तरी मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.