विमानाच्या कपाळी कुंकू

मी एक छोटं दोन आसनी विमान बोलतोय. डोकं माझं बेताचंच. त्यामुळे जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

दिल्लीच्या एका फ्लाइंग क्लबात मी आलो आणि शिकाऊ पोरांच्या तावडीत सापडलो. जो तो मला धावपट्टीवर आपटायचा. क्षिप्रा मात्र अलगद उतरवायची. तिची आई विजयालक्ष्मीबाई, मूळच्या साताऱ्याच्या, केंद्र सरकारच्या कचेरीत होत्या. तेव्हा नव्या खाजगी विमान कंपन्या निघत होत्या आणि क्षिप्राला त्यांत पायलट व्हायचं होतं. लायसन्सला थोड्याच तासांचं उड्डाण बाकी होतं.

त्या दसऱ्याला बाई करोल बागेतून झेंडू घेऊन थेट माझ्यापुढे आल्या. घरची स्कूटर पुजायची आणि लेकीचं विमान तसंच सोडायचं, हे त्यांना पटेना. माझी पेट्रोलची टाकी काचेच्या पुढ्यात आहे. तिचं झाकण त्यांना माझं कपाळ वाटलं. ओल्या हळदकुंकवाचा जाडजूड टिळा लावून त्यांनी वर अक्षता चिकटवल्या. मी हरखून गेलो. मला आजवर कुणी ओवाळलं नव्हतं.

त्या झाकणाला एक बारीक भोक आहे. पेट्रोल संपेल तशी त्यातून टाकीत हवा येते; ती आली नाही तर पेट्रोल इंजिनापर्यंत उतरत नाही. दुसऱ्या दिवशी उडण्याआधी क्षिप्राने मला सगळीकडून तपासलं, पण झाकणापाशी तिचा हात थबकला. आईने लावलेलं कुंकू पुसायचं कसं? तिने फडकं खिशात घातलं.

फरीदाबादवर माझा जीव घुसमटला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मी भेदरलो. क्षिप्राच्या नकाशात खाली शेतं होती. प्रत्यक्षात सगळीकडे प्लॉट पाडून खुंट्या ठोकलेल्या. शेवटी एका नव्याकोऱ्या रिकाम्या रस्त्यावर तिने मला टेकवलं.

रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेला प्रॉपर्टी डीलर धावत आला. "मॅडम, प्लॉट देखने आई हैं?"

क्षिप्राला हसावं की रडावं कळेना. मलाही.

निरोप पोचल्यावर तासाभराने क्लबाची जीप बाईंनाही घेऊन आली. तिच्यातून उतरून बाईंनी लेकीला कवटाळलं. "काल पूजा केली म्हणून वाचलीस गं."

क्लबाचे इंजिनिअर हणमंतराव तोवर झाकण निरखत होते. भोक कुंकवाने पार बुजलं होतं. क्षिप्राला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "हे कुणी लावलं?"

"मीच," क्षिप्रा म्हणाली. "आणि तपासलंही नाही. चूक माझी आहे."

तिचं लायसन्स लांबलं. ज्या नोकरीवर तिचा डोळा होता ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. आईला तिने इंजिन जुनं झालं होतं एवढंच सांगितलं. बाई अजून येईल-जाईल त्याला पूजेचा प्रताप ऐकवतात आणि क्षिप्रा शेजारी बसून मान डोलावते.

आता मी हँगरच्या कोपऱ्यात असतो, चाकांतली हवा गेलेली. त्या टिळ्याने मला खाली आणलं हे खरं. मग त्याची आठवण आली की मला अजून बरं का वाटतं, हे कुणी सांगेल का? माणसं एकमेकांना जपतात तरी कशी, तेही मला कळत नाही. पण विजयालक्ष्मीबाई तुम्हाला कधी भेटल्या, तर त्या भोकाबद्दल कृपा करून काही बोलू नका.