चार बोटांचं जाळं

मी एक जुनं जाळं आहे, मित्रांनो, आणि माझी सगळी किंमत माझ्या भोकांत आहे. हसू नका. तळ्याकाठच्या एका मासेमाराने मला हाताने विणलं, तेव्हा प्रत्येक भोकात स्वतःची चार बोटं घालून पाहिली. तिथल्या साऱ्या मासेमारांचा नियमच तो होता : चार बोटांहून बारीक भोकाचं जाळं तळ्यात टाकायचं नाही. मोठा मासा अडकायचा. लहान निसटायचा, वाढायचा आणि पुढच्या वर्षी हाती लागायचा. तळ्यात उरे ते मुद्दल, घरी येई ते व्याज. तेव्हा माझं फार कौतुक होई.

पण नियमात एक गोष्ट राहून गेली होती. बोटं कोणाची, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

एके सकाळी माझ्या मालकाचा, म्हणजे मला विणणाऱ्याचा, मेहुणा नवं, बारीक जाळं घेऊन काठावर आला. खांद्यावर त्याची तीन वर्षांची लेक. तिची चिमुकली बोटं त्याने भोकात घातली आणि म्हणाला, "घ्या मोजून! चारच आहेत ना?"

सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आपापली पोरं घेऊन आले.

मालक तरीही मलाच टाकत राहिला. मेहुणा त्याला डिवचायचा, "दाजी, तुम्ही सोडलेला मासा थेट माझ्याकडे येतो. फार उपकार तुमचे!"

त्याचा हिशेब खोटा नव्हता, हेच दुःख. लहान मासा सोडला तर तोटा सोडणाऱ्या एकट्याचा. धरला तर फायदा धरणाऱ्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. वाटलेला तोटा कोणालाच जड लागत नाही. शेवटी मालकीणच म्हणाली, "अहो, तळं सगळ्यांचं, पण चूल आपलीच ना?"

मालक बाजारात गेला. त्याने बारीक जाळं आणलं आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याभोवती बांधून टाकलं.

काही वर्षांत तळ्यात बोटभर मासाही मिळेना. मेहुणा बायकोपोरीसह दूर वीटभट्टीवर गेला. परवा उरलेले मासेमार काठावर जमले. त्यांनी लाकडाची एक खुंटी कापली. यापुढे प्रत्येक जाळं त्या एकाच खुंटीने मोजायचं, आणि लहान मासा सोडायचा तो सगळ्यांनी. कोणी वाद घातला नाही. वाद घालावा असं तळ्यात काही उरलंच नव्हतं.

मित्रांनो, जे सगळ्यांचं आहे, त्याचं माप सगळ्यांनी बसून ठरवा. आणि मासे असताना ठरवा.