पलीकडच्या कुळाची साक्ष

आता आमच्या गावात प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, पण रेकॉर्ड करावं असं बोलणारं माणूस उरलेलं नाही. माझ्या तरुणपणी नेमकं उलटं होतं. मशीन एकच, तेही शाळेतून मागून आणलेलं, आणि बोलणाऱ्या म्हाताऱ्या मात्र घरोघरी. मी मशीन काखेत मारून फळ्यांच्या रस्त्यानं निघाले की खिडक्यांतून हाका यायच्या. कुणी सीलच्या तेलात बुडवलेला सुका सामन मासा पुढे करी, कुणी हेरिंगची अंडी. खाल्ल्याशिवाय कुणी तोंड उघडायची नाही, आणि मी तोंड भरून बसले की मग ओरडायची, "अगं, बटण दाब की! मी काय पुन्हा पुन्हा म्हातारी होणार आहे?"

ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. त्या टेपमध्ये चुलीवरच्या किटलीचा आवाजसुद्धा आलाय.

हे सगळं चाललं होतं ते जुन्या गावासाठी. आईच्या आजीच्या लहानपणी तिथं सरकारची तोफांची बोट आली आणि गाव जाळून गेली. कप्तानानं वर कळवलं की आधी इशारा दिला होता, घरं रिकामी होती, एकही माणूस मेलं नाही. आमच्या कुळाची गोष्ट वेगळी. मोठी माणसं नदीवर मासे धरायला गेली होती, आजीही त्यांच्याबरोबर. लहान पोरं आणि त्यांना सांभाळायला आजीची थोरली बहीण, एवढीच मागे होती. ती जमिनीखालच्या मासे ठेवायच्या तळघरात लपली आणि धुरानं गुदमरली. मोठी माणसं परतली तेव्हा राख होती, पोरं नव्हती.

नव्वद वर्षांनी सरकारला हे ऐकून घ्यावंसं वाटलं. एक समिती नेमली आणि तिच्या वतीनं डॉक्टर व्हिटकॉम्ब नावाचे इतिहासाचे प्राध्यापक विमानानं आमच्या खाडीत उतरले. उंच, वाकलेले, सदा नाक गळणारे. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हा कबूल करवत नव्हतं.

आठवडाभर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्या टेप ऐकल्या. माझी आई व्हर्ना हीच या कामाची पुढारी. ती समोर हाताची घडी घालून बसलेली. शेवटची टेप संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, या साऱ्या जणी एकाच कुळाच्या ना?"

"आमचीच गोष्ट आहे. मग दुसरं कोण सांगणार?"

"आणि सगळ्यांनी ती तुमच्या आजीकडून ऐकलेली. म्हणजे टेप पुष्कळ आहेत, पण तोंड एकच. त्या आजीही त्या दिवशी गावात नव्हत्या."

"म्हणजे आम्ही खोटारड्या?"

"तसं मी म्हणत नाही. कप्तानाचंही तोंड एकच आहे, आणि त्याला स्वतःची कातडी वाचवायची होती. त्याच्यावर मी तुमच्याहून कमी विश्वास ठेवतो. पण पोरांची प्रेतं कुणी पाहिली नाहीत. ती रानात पळाली असतील, दुसऱ्या गावानं सांभाळली असतील. ज्याला यात काही मिळवायचं नाही, असं तिसरं माणूस तुमच्याकडे आहे का?"

"तोफेलाच बोलतं करते, थांबा," आई म्हणाली आणि तिनं त्यांच्या पुढ्यातला अर्धा भरलेला कप उचलून धुवायला टाकला.

मी रागानं लाल झाले होते. डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "या माणसाला भाकरी घालणं बंद कर."

"पोट त्याचं, प्रश्न आपला," आई म्हणाली. तिचा आवाज पडला होता. समितीच्या अहवालात ती पोरं 'मेली' म्हणून यावीत, एवढंच तिला हवं होतं. "जगलीच नव्हती असं नको व्हायला," ती म्हणायची.

माझे बाबा, एमॉस, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाळं शिवत होते. एरवी ते गप्प बसायचे नाहीत, माझ्या मशीनलासुद्धा म्हणायचे, "भूक लागली असेल त्याला, घाल एक मासा." त्या दिवशी मात्र त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"मला मामाकडे जायला हवं," ते म्हणाले.

"आत्ता? कशाला?"

"विचारायला."

आम्ही त्लिंगित, या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे मूळचे लोक. आमच्यात दोनच बाजू, कावळ्याची आणि गरुडाची. लग्न नेहमी पलीकडच्या बाजूशी, आणि मूल आईचं. आई नि मी कावळ्याकडच्या, बाबा गरुडाकडचे, म्हणजे एका छपराखाली राहून ते आम्हाला पलीकडचेच. आणि गोष्ट ही कुळाची मालमत्ता असते. दुसऱ्या कुळाची गोष्ट सांगणं ही सरळसरळ चोरी, आणि आपल्या कुळाची सांगायची तर आधी मामाची परवानगी. म्हणून जुन्या गावाची गोष्ट गोळा करताना मी कावळ्याच्या घरांचे उंबरे झिजवले. गरुडाच्या एकाही दारावर थाप मारली नाही. मलाच काय, आईलाही ते सुचलं नाही. आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं.

बाबा बोट घेऊन सामुद्रधुनीपलीकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी गिडियनमामांना घेऊन आले. मामा ऐंशीच्या पुढचे, बाबांच्या गरुडाकडच्या घराचे प्रमुख. आमच्या घरी ते कधी जेवायलाही आले नव्हते. आज ते थेट गावाच्या हॉलमध्ये गेले, कोट घालून, काठी टेकत. गाव जमलं. डॉक्टर पुढच्या खुर्चीवर रुमाल घेऊन बसले. मी बटण दाबलं.

"ही आमच्या लाजेची गोष्ट आहे," मामा म्हणाले. "आमच्या घराबाहेर ती आज पहिल्यांदाच निघतेय. त्या बोटीला इथली खाडी ठाऊक नव्हती. खडकांतून वाट दाखवायला माणूस लागत होता. तो माझा मामा. त्याला वाटलं, सगळे नदीवर गेलेत, लाकडं जळतील, लाकडं पुन्हा उभी राहतील."

हॉलमध्ये कुणीतरी "आँ!" केलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली. आईनं हात वर केला तशी ती बसली.

"तोफा झाल्यावर खलाशी आग लावायला किनाऱ्यावर उतरले. माझा मामा त्यांच्याबरोबर होता. त्याला जमिनीखालून आवाज ऐकू आला. त्यानं अधिकाऱ्याचा हात धरला, खुणा केल्या. अधिकारी म्हणाला, सीगल आहेत."

डॉक्टरांनी अडवलं. "माफ करा, पण विचारणं माझं काम आहे. तुमचा भाचा या बाईंचा नवरा. त्यांच्या भल्यासाठी तुम्ही हे सांगत नसाल कशावरून?"

मामा हसले. दात फार उरले नव्हते. "प्राध्यापक, माझ्या बहिणीला चार नातू आहेत. उद्यापासून त्यांना खाडीभर 'वाटाड्याची पोरं' म्हणतील. असली भेट कोण कुणाच्या बायकोला देतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि लिहू लागले. मला तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

"अजून एक आहे," मामा म्हणाले आणि आईकडे वळले. "व्हर्ना, सगळं रडणं नव्हतं. त्यात एक गाणं होतं. मामाला ते शब्द न् शब्द लक्षात राहिलं, आणि मरताना त्यानं मला दिलं. ते आमचं नाही. तुमचं असणार. म्हणू का?"

आई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "म्हणा."

मामांनी फाटक्या आवाजात सुरुवात केली आणि पहिल्या ओळीलाच मी ओळखलं. ते आमच्या घराचं अंगाईगीत होतं. ते आम्ही घराबाहेर म्हणत नाही, त्यासाठी मशीन कधी चालू केलं नाही, आणि पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्याला ते माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. मी त्यावरच वाढलेली. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच ते थांबले.

"पुढचं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"इथपर्यंतच ऐकलं त्यानं."

मशीन फिरत होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

डॉक्टरांनी आईला विचारलं, हे गाणं कुणाचं. आईनं सांगितलं. हे कुठल्या टेपवर आहे का, त्यांनी मला विचारलं. नाही, मी म्हणाले. त्यांनी वही मिटली. "बाई, दोन घरं, एकमेकांपासून लपवलेल्या दोन गोष्टी, आणि त्या एकाच तळघरात भेटतात. मी 'मुले मरण पावली' असं लिहीन. कुणाचीही हरकत टिकणार नाही."

गावानं टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यात तशा वेळी वाजवत नाहीत. कावळ्याकडच्या म्हाताऱ्या एकेक करून मामांसमोरून गेल्या आणि त्यांच्या हातात हात देऊन गेल्या. सगळ्या नाही. मागच्या बाकावरची सरळ दाराबाहेर गेली.

घरी आल्यावर आईनं शेगडी पेटवली. बाबा दारातच उभे.

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"पोरगा होतो तेव्हापासून. पण गोष्ट मामाची होती."

"हो," ती म्हणाली. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "बस. कालवण आहे."

मला मात्र राहवेना. मी टेप टेबलावर ठेवून म्हणाले, "आई, जिंकलो गं आपण! आता कुणी म्हणू शकणार नाही की आजीची गोष्ट खोटी."

आई शेगडीकडे तोंड करूनच उभी होती.

"मी सगळ्यांशी भांडले," ती म्हणाली. "पण आतून मला रोज वाटायचं, आजीच चुकली असेल. पळाली असतील पोरं. कुठल्यातरी गावात म्हातारी झाली असतील, नातवंडं असतील. तेवढं एक मी जपून ठेवलं होतं गं."