चाड्यावरची मूठ

मरियाने मूठ चाड्यावर धरली आणि गडी भिमाजीने बैलांना हाक दिली. पेरणीची पाभर सरकली. बोटांच्या फटीतून ज्वारीचे दाणे चाड्याच्या वाटीत पडू लागले, तिथून नळ्यांत, नळ्यांतून मातीत. मूठ सैल पडली तर बी दाट पडतं, आवळली तर रान उघडं राहतं, आणि उगवून येईपर्यंत कुणाला काही कळत नाही. या घरात मूठ तिच्या नवऱ्याची, कृपादानची असायची. ऐन पावसाळ्यात, याच रानात, बांधावरच्या बाभळीखाली त्याला पान लागलं. साप कुणी पाहिला नव्हता. घोट्यावरचे दोन ठिपके तेवढे सगळ्या गावाने पाहिले.

नवरा गेल्यापासून मरियाने रानात पाऊल टाकलं नव्हतं. आज आली ती दिरामुळे. दानीएल भिंगारच्या छावणीत नोकरीला होता. लढाईच्या दिवसांत रजा मिळायची मारामार, पण मिळालेल्या एका दिवसात त्याने घराचा निकाल लावून टाकला होता.

"वैनी, येवढा हंगाम बघू. न्हाई साधलं तर रान वाट्यानं देऊ. तुमी माहेरी जावा, आईला मी भिंगारला नेतो."

सासू दगडाबाई चुलीपुढे बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मरियाने काय समजायचं ते समजून घेतलं. म्हातारीलाही आता आपण नकोशी झालो असणार.

रविवारी पाळकसाहेबांनी बियाण्याच्या पाट्यांवर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि मरियाने गावाबरोबर आमेन म्हटलं होतं. पण चर्चमध्ये आमेन म्हणणं वेगळं आणि बाभळीच्या दिशेने अनवाणी चालत जाणं वेगळं. झाड जवळ येऊ लागलं तशी तिची नजर पाभरीवरून सुटून गवतात गेली. काहीतरी सळसळलं. सरडा असेल, वारा असेल. बाभूळ मागे पडल्यावर तिने हाताकडे पाहिलं तर मूठ गच्च मिटलेली.

दर खेपेला तसंच झालं. ती स्वतःला बजावायची, आणि बाभळीपाशी बोटं आपली आपण आवळली जायची. भिमाजी पुढे बैलांकडे बघत होता. त्याला काही दिसलं नाही, आणि तिने काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर दगडाबाईने पाटीत डोकावून पाहिलं.

"बी उरलं व्हय?"

"उरलं जरासं."

म्हातारीने तिचा हात ओढून घेतला. तळव्यावर नखांचे व्रण उमटले होते. तिने त्यावर तेल चोळलं आणि पुन्हा चुलीकडे वळली.

रान उगवलं. बाकी तास अगदी रेघ मारल्यासारखे आले, बाभळीपाशी मात्र अंगणाएवढा काळा तुकडा उघडा राहिला. वाटेवरूनसुद्धा दिसत होता. येत्या रविवारी दानीएल येणार होता.

सकाळीच उरलेलं बी पदरात बांधून ती निघाली. बांधापर्यंत पाय कसेबसे आले, पुढे उचलेनात. काठीने गवत झोडपत, "प्रभू, सांभाळ" असं पुटपुटत ती त्या तुकड्यात शिरली आणि धीर करून खाली बसली. दाणा टोबायला तिने बोटाने माती उकरली, तर तिथे दाणा होताच. फुगलेला, पांढरा कोंब फुटलेला.

शेजारी उकरलं. तिथेही होता.

मग तिला मातीवरच्या खुणा दिसल्या. काठीच्या टोकाने पाडलेली गोल भोकं, हाताने बुजवलेली, तासाच्या रेषेत एकामागून एक. पुढे पुढे ती वेडीवाकडी झाली होती, आणि बाभळीची सावली सुरू होते तिथे थांबली होती. त्यापुढची माती कोरी होती.

मरिया कितीतरी वेळ त्या शेवटच्या भोकाकडे बघत राहिली. मग गुडघ्यांवर सरकत ती सावलीत शिरली. एकेक दाणा टोबत गेली, थेट बुंध्यापर्यंत.

ती परतली तेव्हा दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. गुडघ्यांपायी ती अंगणाबाहेर जात नाही, हे गावाला ठाऊक होतं. दाराला टेकवलेल्या तिच्या काठीच्या टोकाला काळी माती वाळून बसली होती.

"बाभळीपातुर गेल्तीस?" म्हातारीने विचारलं.

"गेल्ते, आत्याबाई."

"भ्याली न्हाईस?"

"लई भ्याले."

दगडाबाईने मान हलवली. "ऐतवारी दानीएल आला की म्या बोलते त्याच्यासंगं. तू मधी पडू नको."

मरिया आत जायला निघाली तशी म्हातारीने तिचा पदर धरला.

"मला न्हाई जाता आलं गं तितवर," ती म्हणाली, आणि उंबऱ्यात जरा सरकून तिने मरियाला बसायला जागा करून दिली.