भोक ठेवलेले जोडे

डेल्फिनने लेकाचा पाय मांडीवर घेतला, जोड्याच्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि भोक काही तिला सापडेना. तिथे कातड्याचं नखाएवढं ठिगळ होतं, अगदी बारीक, सुबक टाक्यांचं.

"तळवा गेला होता हो," कॅरल म्हणाली. डेल्फिनच्या दारूपायी सरकारने तिच्या लेकाला, एलायजाला, उचलून या कॅरलच्या घरी ठेवलं होतं. "दोन्ही जोड्यांना एकाच जागी भोक! म्हटलं, पोराचे पाय गारठतील. मीच शिवून टाकलं."

बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं.

खिडकीपाशी बालकल्याण खात्याच्या मॅडम बसल्या होत्या. पोर परत द्यायचं की नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरणार होतं. मागे एकदा डेल्फिनचा आवाज चढला, तेवढ्यावरून त्यांनी भेटी बंद केल्या होत्या. डेल्फिनने राग गिळला.

"बरं केलंत," ती म्हणाली.

जोडे तिने स्वतः शिवले होते. तिच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतल्या बायका दारू सोडण्यासाठी एका घरात जमत, ढोल वाजवत, रडत. हात थरथरायला लागले की अगाथामावशी हातात सुई देई. जोडे पुरे झाले तशी मावशीने कात्री घेऊन दोन्ही तळव्यांना भोकं पाडली. मेलेली माणसं लहानग्यांना बोलावतात, चल आमच्याबरोबर म्हणतात. पोराने सांगायचं, माझे जोडे फाटलेत, मला लांब येववत नाही.

"मावशी, एकालाच पाड ना गं. जीव तुटतोय माझा."

"आणि लंगडी घालत गेलं म्हणजे?" मावशी हसली. मग म्हणाली, "माझ्या भावाला बळजबरीने सरकारी शाळेत नेलं ना, तेव्हा त्याचे जोडे दारातच काढून घेतले. परत नाही आला तो."

आज भेटीआधी डेल्फिनची पिशवी बाहेर ठेवून घेतली होती, कात्रीसकट. तिने लेकाचा पाय तोंडाशी नेला आणि तळव्याचा पापा घेतला. धुरी देऊन कमावलेल्या कातड्याला अजून धुराचा वास होता. ओठांआडून तिने दातांनी टाका धरला.

"आई, गुदगुल्या होतात!" एलायजा खिदळला.

"किती माया करते," मॅडम कॅरलला हळूच म्हणाल्या.

दोरा तुटला. ठिगळ सुटून जिभेवर आलं, ते तिने गालात दाबलं आणि दुसरा पाय उचलला.

"चला, वेळ संपली."

"एक पापा राहिला, मॅडम." शब्द बोबडे, जड आले.

मॅडम उठून जवळ आल्या. "डेल्फिन, पिऊन आली आहेस?"

डेल्फिनने आवंढा गिळला, ठिगळासकट. घसा सोलून निघाला.

"नाही," ती स्वच्छ बोलली.

मॅडमनी नुसतं कॅरलकडे पाहिलं आणि कॅरलने एलायजाला कडेवर घेतलं. दारातून जाताना त्याचा दुसरा पाय तिच्या कमरेशी लोंबत होता. त्या जोड्याचा तळवा चांगला धडधाकट होता, कितीही लांब जाता येईल असा.