दोन्ही पक्षांचा वकील

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पुढच्या डाव्या पायावर, मनगटाच्या जरा वर, पेन्सिल टेकवली. तिथलं हाड पोखरल्यासारखं दिसत होतं. सुईनं काढून तिथंच तपासलेल्या पेशींचा अहवालही आला होता. हाडाचा कॅन्सर.

टेबलापलीकडे दोन भाऊ उभे होते. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो दोघांच्या मधे फरशीवर पसरला होता. आठ वर्षांचा, तपकिरी, वासराएवढा कुत्रा. नाव वकील.

हे नाव त्यांच्या शेजारच्या घड्याळवाल्यानं ठेवलेलं. भावांचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. थोरला पट्ट्या कापायचा, धाकटा काच. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. दुकान मात्र चालू राहिलं, कारण जे बोलायचं ते कुत्र्याला उद्देशून बोललं जायचं. "सांग त्याला, काच केसभर मोठी झालीय." "सांग त्याला, पट्टी सरळ कापली असती तर बसली असती." ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे कुत्रा मान वळवायचा. "दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेतलेला असा वकील मी आयुष्यात बघितला नाही," घड्याळवाला म्हणाला, आणि नाव चिकटलं. आधीचं नाव आता कुत्र्यालाही आठवत नसावं.

"लंगडतोय कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"महिना, दीड महिना," थोरला म्हणाला.

"जास्तच," धाकटा म्हणाला.

"मग आणायला इतका उशीर?"

"मी सांगितलं होतं," दोघं एकदमच म्हणाले.

"कुणाला?"

थोरल्यानं खाली बघितलं. वकिलानं शेपटी फरशीवर आपटली.

थोरल्याला ती सकाळ लख्ख आठवत होती. "सांग त्याला, पाय टेकत नाहीयेस," असं तो म्हणाला होता आणि धाकट्यानं काचेवरून मानही वर केली नव्हती. ऐकलं असेल, आता नेईल, असं थोरला धरून चालला. धाकटाही कधीतरी असंच काही बोलला असणार आणि तेव्हा थोरल्याची करवत चालू असणार. निरोप दोन्हीकडून निघाले होते आणि वकिलापाशीच राहिले होते.

डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. छातीचा फोटो स्वच्छ होता, म्हणजे फुप्फुसात अजून काही दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे. पाय खांद्यापासून काढून नंतर केमो दिली तर बहुतेकांना वर्षभर मिळतं, कुणाला कमी, मोजक्यांना जास्त. नुसता पाय काढला तर चारपाच महिने. किंवा काहीच कापायचं नाही, दुखणं दाबायच्या गोळ्या द्यायच्या. "पण गोळीनं बरं वाटलं की तो धावणार, आणि हे हाड कधीही मोडेल."

"पाय काढला की रोग जातो?" थोरल्यानं विचारलं.

"दुखणं जातं. रोग जात नाही."

"आणि तीन पायांवर..." धाकटा म्हणाला.

"त्याचं दुःख माणसांनाच जास्त. कुत्री थोड्याच दिवसांत सावरतात."

दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मोकळी होती. करायचं असेल तर संध्याकाळी सहाच्या आत कळवा आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याला काही देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

दुकानात परतल्यावर वकील टेबलाखाली आपल्या पुठ्ठ्यावर आडवा झाला. धाकट्यानं गोळी भाताच्या घासात लपवून दिली. मग उभा राहून तो म्हणाला, "सांग त्याला, उद्या तुझा पाय..."

वकिलानं कान टवकारून त्याच्याकडे बघितलं. धाकटा तिथंच थांबला.

थोरल्यानं पट्टी करवतीखाली धरली. कुत्र्याकडे बघण्याचा त्यालाही धीर होईना. "सांग त्याला, कापाकापी नको," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

"भिंतीला काय सांगतोस? मी इथं आहे."

थोरल्याचा हात करवतीवर तसाच राहिला.

"कापाकापी नको, हे तू म्हणतोस?" धाकटा म्हणाला. "आईला घरी नेऊ या, असं मी म्हणत होतो. तेव्हा मला काय म्हणालास? भेकड."

"म्हणालो."

"तीन आठवडे नळ्या. खिडकीसुद्धा नव्हती त्या खोलीला."

"म्हणून तर नको म्हणतोय. आईला निदान विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ह्याला विचारताच येत नाही."

"आईच्या वेळी काही उरलं नव्हतं, दादा. ह्याची छाती स्वच्छ आहे. अजून उरलंय."

"वर्षभर. त्यातले किती दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांत?"

"आणि गोळ्यांवर ठेवून हाड मोडलं म्हणजे? ते बघायला तू थांबशील? की पुन्हा मीच?"

ते खरं होतं. आईच्या शेवटच्या रात्री दवाखान्याच्या कागदांवर सही करून थोरला बाहेरच्या बाकावर बसला होता, आत धाकटा होता.

गोळीचा गुण आला असावा. वकील उठला, त्यानं आळस दिला आणि कितीतरी दिवसांनी डावा पाय पुरता टेकवून दाराकडे निघाला. बाहेर घड्याळवाला दिसताच त्यानं धाव घेतली.

"हळू!" दोघं एकदम ओरडले. धाकट्यानं जमिनीवर बसून त्याला छातीपाशी मिठीत धरलं. थोरल्यानं दार लावून घेतलं.

"काय म्हणतायत वकीलसाहेब?" घड्याळवाल्यानं काचेपलीकडून विचारलं. कुणी हसलं नाही, तेव्हा तो आपल्या दुकानात गेला.

सहाला दहा मिनिटं कमी असताना थोरल्यानं फोन लावला.

"काय ठरलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही ठरलं. उद्याची वेळ सकाळपर्यंत राखून ठेवाल का?"

"ठेवते. पण आठपर्यंतच. अडलंय कुठं?"

"बोलतोय आम्ही," थोरला म्हणाला.

वकिलाला रोजच्या वेळी जेवण दिलं. त्यानं ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. धाकट्यानं ती धुतली आणि थोरल्यानं फळीवर उपडी ठेवली. आज यापुढं त्याला काही द्यायचं नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं होतं. बाकी कशावरही अजून नाही.